शोधयंत्राची पसंती आणि मराठी लेखन

ग्रंथ आणि वाचक यांच्या मध्यें आजवर टीकाकार उभा असे. त्याचा निर्णय बरोबर असो वा चूक, तो आपल्या नांवानिशीं लिहीत असे, आणि त्याचीं कारणें वाचकाला तपासून पाहतां येत. गेल्या पंचवीस वर्षांत त्याच्याही पुढें एक नवा परीक्षक येऊन बसला आहे. तो कारणें देत नाहीं कीं सही करीत नाहीं. विचारलेल्या शब्दांना अनुसरून तो पानांची एक उतरंड तेवढी मांडतो, आणि कोणतें पान पहिलें व कोणतें नव्वदावें हें क्षणार्धांत ठरवून मोकळा होतो. शोधयंत्र असें त्याचें नांव. शाळेंतला मुलगा, धानाला खत किती द्यावें हें पाहणारा शेतकरी, नागझिऱ्याला जाण्याचा बेत करणारें कुटुंब आणि प्रबंधाची सामग्री जमविणारा विद्यार्थी, हे सारे आज प्रथम त्याच्याच दारीं जातात.

अशा परीक्षकाची मर्जी संपादन करण्याची एक विद्या निर्माण व्हावी हें ओघानेंच आलें. तिला एसईओ म्हणतात. शोधयंत्राच्या यादींत आपलें पान वर चढविण्यासाठीं काय लिहावें, कसें लिहावें आणि काय टाळावें, याचे प्रयोग करणारे लोक जगभर आहेत व आतां मराठींतही झाले आहेत. व्यापाऱ्यानें आपल्या दुकानाची पाटी कोठें लावावी याच्याशीं साहित्यविचाराला कर्तव्य नाहीं. परंतु त्या पाटीचे नियम जेव्हां निबंध, स्थलवर्णन आणि ग्रंथपरिचय यांच्या वाक्यरचनेंत शिरूं लागतात, तेव्हां मौन धरणें आम्हांस उचित वाटत नाहीं. या विद्येचे प्रयोग, तिचीं अवजारें आणि तीं मराठीला लावल्यानें होणारा परिणाम, एवढ्याचाच विचार येथें योजिला आहे. उदाहरणें शक्य तों आमच्या गोंदिया जिल्ह्यांतलीं घेतलीं आहेत. मोठ्या शहराच्या नांवाभोंवतीं इतका मजकूर सांचलेला असतो कीं त्यांत यंत्राचे गुणदोष बुजून जातात. लहान जिल्ह्याच्या बाबतींत ते उघडे पडतात.

आरंभीं या परीक्षकाच्या बाजूनें बोललें पाहिजे. १९९८ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतल्या सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतली मुख्य कल्पना कोणाही प्राध्यापकाला ओळखीची वाटावी अशी आहे. विचारलेला शब्द पानांत किती वेळां व कोठें आला, यावर तोंपर्यंत बराच भर असे. आणि शब्द वारंवार घालणें कोणाच्याही हातचें असल्यामुळें ती मोजणी सहज फसे. पान स्वतःविषयीं काय म्हणतें यापेक्षां इतर पानें त्याच्याविषयीं काय म्हणतात, याला या दोघांनीं महत्त्व दिलें. एका पानानें दुसऱ्याकडे दुवा दिला म्हणजे त्यानें त्याचा आदरानें उल्लेख केला असें धरावयाचें. आणि ज्याचा उल्लेख पुष्कळांनीं केला आहे त्यानें केलेला उल्लेख अधिक वजनदार समजावयाचा. ही कल्पना त्यांनीं एका वाटसरूच्या दृष्टांतानें मांडली आहे. हा वाटसरू दुव्यांच्या वाटेनें पानामागून पान हिंडत असतो; शंभरांत सुमारें पंधरा वेळां कंटाळून तो भलत्याच पानावर उडी घेतो. असा तो अखंड हिंडत राहिला तर ज्या पानावर जितक्या वेळां सांपडेल, तितकी त्या पानाची प्रतिष्ठा.

ही कल्पना अगदींच नवी होती असें नाहीं. यूजीन गारफील्ड या अमेरिकन विद्वानानें शास्त्रीय निबंध एकमेकांचे आधार कसे घेतात याची सूची करावी, असें १९५५ सालीं सुचविलें होतें, आणि १९६४ सालीं तशी सूची प्रसिद्धही केली. त्याही मागें जावें तर आपल्या टीकाकारांची परंपरा आहे. मल्लिनाथ शब्दाचा अर्थ सांगतांना ठायीं ठायीं अमरकोशाचें नांव घेतो, आणि त्या नांव घेण्यांतच अमराचें प्रामाण्य मान्य केलेलें असतें. सारांश, शोधयंत्राच्या क्रमवारीच्या मुळाशीं विद्वानांचा एक जुना शिष्टाचार आहे: ज्याच्यापासून घेतलें त्याचें नांव सांगावें. पुढें या यंत्राचा जो बाजार झाला त्याचा दोष या मूळ कल्पनेला लावतां येत नाहीं. जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल, अशी शंका त्याच निबंधाच्या परिशिष्टांत लेखकद्वयानें नमूद केली होती. त्यांच्याच कंपनीनें २००० सालच्या ऑक्टोबरांत शोधाच्या यादीशेजारीं जाहिराती घेण्याची नवी योजना सुरू केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्यें अमेरिकेंतल्या न्यायालयानें शोधाच्या धंद्यांत तिनें बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला.

आतां प्रयोगांकडे वळूं. क्रमांक कशावरून ठरतो हें यंत्राचा मालक पुरतेपणीं सांगत नाहीं. सांगितलें तर फसविणाऱ्यांचें फावेल हें त्याचें कारण वाजवी आहे. म्हणून जिज्ञासु लोक स्वतः प्रयोग करतात. त्यांतली सर्वांत शुद्ध रीति म्हणजे जगांत कोठेंही नसलेला शब्द बनवावा, दोन तीन पानांत तो निरनिराळ्या रीतीनें घालावा, आणि यंत्र कोणतें पान वर घेतें हें पाहावें. शब्दाला पूर्वेतिहास नसल्यामुळें स्पर्धा नसते, आणि जो फरक पडेल तो आपण केलेल्या बदलाचाच असें म्हणण्यास जागा राहते.

२००४ सालीं मे ते जुलै या दोन महिन्यांत इंग्रजींत अशी एक स्पर्धाच झाली. ‘निग्रिट्यूड अल्ट्रामरीन’ असें एक निरर्थक शब्दयुगुल घेऊन, त्या शब्दांवर गूगलच्या यादींत शेवटच्या दिवशीं पहिला कोण येतो यावर बक्षीस लावलें होतें. धंदेवाईक मंडळींनीं आपल्या साऱ्या युक्त्या पणाला लावल्या. अखेरचें बक्षीस मात्र अनिल डॅश या भारतीय वंशाच्या अमेरिकन लेखकानें नेलें. त्यानें केलें काय? बरीच वर्षें तो आपल्या पानावर नियमानें लिहीत होता व त्याला स्वतःचा वाचकवर्ग होता. त्यानें वाचकांना आपल्या एका टिपणाकडे दुवे देण्याची विनंति केली, आणि त्यांनीं ती मानली. निरर्थक शब्दांच्या शर्यतींतही जिंकला तो ज्याचे वाचक खरे होते तो. या एका प्रयोगापासून जें शिकावयाचें तें बरेंच आहे. पण तें अवजार विकणाऱ्यांच्या सोयीचें नसल्यामुळें त्याचा उच्चार क्वचितच होतो.

निरर्थक शब्द सोडून खऱ्या विषयावर आलों कीं प्रयोगाची शुद्धता संपते. प्रयोगशाळेंत एक गोष्ट बदलावयाची तर बाकीच्या स्थिर ठेवाव्या लागतात. येथें कांहींच स्थिर नसतें. आपण शीर्षक बदललें त्याच आठवड्यांत दुसऱ्या कोणीं आपलें पान सुधारलेलें असतें. विचारणारा गोंदियांत आहे कीं पुण्यांत यावरून यादी बदलते. आणि यंत्रांतले नियमही बदलत असतात. एकट्या २०२२ सालांत गूगलनें आपल्या शोधांत चार हजारांहून अधिक बदल केले. २०२३ च्या खटल्यांतल्या साक्षींवरून लोक कोणत्या दुव्यावर टिचकी मारतात याचीही नोंद क्रमवारीच्या कामीं येते हें उघड झालें, आणि मे २०२४ मध्यें कंपनीचे कांहीं अंतर्गत कागद बाहेर फुटले त्यांत चौदा हजारांवर बाबींची जंत्री होती. त्यांपैकीं कोणतीला किती वजन, हें मात्र त्यांत नव्हतें. असें असतां ‘क्रमवारीचे दोनशें घटक’ अशा मथळ्याच्या ज्या याद्या फिरतात, त्यांत प्रमाण किती आणि तर्क किती याचा विचार सुज्ञांनींच करावा. पान बदललें, नंतर क्रमांक वर गेला, म्हणून बदलामुळेंच गेला, हें अनुमान कावळा बसला आणि फांदी मोडली या जातीचें आहे.

या प्रयोगांत यापेक्षां मोठा दोष आहे, आणि तो आमच्या धंद्यांतल्या माणसाला लौकर दिसतो. महाराष्ट्रांत परीक्षा जवळ आली कीं ‘अपेक्षित’ प्रश्नांचे संच बाजारांत येतात. ज्या मुलानें विषय समजून घेतला त्याला कांहीं ठराविक प्रश्नांचीं उत्तरें येतात, हें खरें. म्हणून ते प्रश्न परीक्षेंत घालतात. पण मुलानें विषय सोडून तेवढे प्रश्नच पाठ केले कीं त्या प्रश्नांचें परीक्षक म्हणून असलेलें मोल जातें. प्रश्नपत्रिकेला उत्तर मिळतें, पण मुलाला विषय येतो कीं नाहीं हें तिला आतां कळत नाहीं. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं चलनव्यवहाराच्या संदर्भांत हेंच सांगितलें: जें माप नियंत्रणासाठीं वापरूं लागावें तें माप म्हणून निकामी होतें.

शोधयंत्राचा इतिहास हा याच न्यायाचा इतिहास आहे. विषयाचे मुख्य शब्द पानाच्या शीर्षभागांत निराळे लिहून ठेवण्याची एक सोय होती; लोकांनीं तींत वाटेल ते शब्द भरले, तेव्हां आपण त्यांच्याकडे पाहातच नाहीं असें गूगलला २००९ सालीं जाहीर करावें लागलें. पोकळ मजकुराचीं पानें ढिगांनीं निघालीं, म्हणून २०११ चा नियम आला. आदरानें द्यावयाचे दुवे पैशानें विकले जाऊं लागले, म्हणून २०१२ चा. यंत्रासाठींच लिहिलेल्या लेखांना खालीं ढकलणारा नियम २०२२ सालीं झाला, आणि यंत्राकडून वा माणसांकडून घाऊक मजकूर पाडण्याविरुद्धचा २०२४ च्या मार्चांत. प्रत्येक वेळीं प्रयोग करणाऱ्यांनीं एक खूण शोधून काढली, ती खोटी केली, आणि यंत्राला ती टाकावी लागली. यांत सर्वांत अधिक नुकसान झालें तें ज्याच्या पानावर ती खूण खरी होती त्याचें.

अवजारांचा विचार करतांना सरसकट निषेध करणें बरें नव्हे. त्यांचे आमच्या मतें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग आरशाचा आहे. गूगलचें सर्च कन्सोल हें अवजार विनामूल्य असून, आपलें पान कोणत्या शब्दांवर किती वेळां यादींत दिसलें, किती जणांनीं त्यावर टिचकी मारली आणि सरासरी क्रमांक कितवा होता, याची सोळा महिन्यांची नोंद तें मालकापुढें ठेवतें. पानाचा वेग मोजणारीं अवजारेंही याच वर्गांत येतात. पानांतला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर पानानें पांचव्या भाग सेकंदांत प्रतिसाद द्यावा आणि वाचतां वाचतां ओळी हालूं नयेत, हीं तीं मापें. देवरी किंवा सालेकसा तालुक्यांतल्या रानालगतच्या गांवीं साध्या फोनवर जो वाचतो त्याच्या दृष्टीनें हें सौजन्य आहे. एखादें मासिक स्वच्छ छापावें, तसेंच हें.

दुसरा वर्ग ज्योतिषाचा. कांहीं खाजगी कंपन्या प्रत्येक स्थळाला शंभरांपैकीं गुण देतात व त्याला ‘अधिकार’ असें भारदस्त नांव देतात. हे गुण त्यांनीं आपल्या अंदाजानें बसविलेले असतात. गूगल ते वापरीत नाहीं असें गूगलनें अनेकदां सांगितलें आहे. तरीही हे गुण वाढवून देण्याचा धंदा चालतो. याच वर्गांत तें अवजार येतें जें लेखकाच्या शेजारीं बसून तांबडा, नारिंगी आणि हिरवा दिवा दाखवितें. मुख्य शब्द शीर्षकांत आहे काय, पहिल्या परिच्छेदांत आहे काय, पुरेशा वेळां आला आहे काय, वाक्यें आंखूड आहेत काय, हें तें पाहतें. सुबोधपणा मोजण्याचें याच जातीचें एक जुनें सूत्र रूडॉल्फ फ्लेश यानें १९४८ सालीं इंग्रजीकरितां बसविलेलें आहे. वाक्यांत शब्द किती आणि शब्दांत अवयव किती, यावर त्याचा हिशेब. आमच्या भाषेंत ‘वाटसरूंबरोबरच्यांनाही’ हा एकच शब्द होतो. त्याला त्या सूत्रानें काय गुण मिळतील हें सांगावयास नको.

येथून मराठीचा खरा प्रश्न सुरू होतो. इंग्रजी नाम वाक्यांत बहुधा आहे तसेंच राहतें. मराठी नाम विभक्ति लागतांच रूप पालटतें. तांदूळ घरांत असतो, पण भाव तांदळाचा विचारतात. पाऊस येतो, पण वाट पावसाची पाहतात. अक्षरें जुळवून मोजणाऱ्या अवजाराला ‘तांदूळ’ आणि ‘तांदळाचा’ यांचें नातें कळत नाहीं. म्हणून दिवा हिरवा व्हावा यासाठीं लेखक विभक्ति गाळूं लागतो. त्यांतून जें गद्य निपजतें त्याचा मासला आम्हीं जुळवून देतों: ‘गोंदिया पर्यटन स्थळे पाहायची आहेत? गोंदिया पर्यटन स्थळे अनेक आहेत. या लेखात आपण गोंदिया पर्यटन स्थळे याविषयी माहिती पाहूया.’ यांत पुनरुक्ति आहे हा दोष लहान आहे. ‘गोंदियाचीं पर्यटनस्थळें’ म्हणण्याचें लेखकानें टाळलें, आपल्या भाषेंतली षष्ठी त्यानें अवजाराच्या भीतीनें गिळली, हा दोष मोठा आहे. तीन वाक्यें झालीं आणि हाजरा धबधब्याचा एक थेंबही अंगावर आला नाहीं, कचारगडच्या गुहेची सावलीही पडली नाहीं.

यांतली गंमत अशी कीं, ही भीति आतां निराधार आहे. शब्दांचा संदर्भावरून अर्थ लावणारी बर्ट नांवाची पद्धति गूगलनें २०१९ सालच्या ऑक्टोबरांत इंग्रजीला आणि डिसेंबरांत आणखी सत्तरांवर भाषांना लावली. त्यांत मराठी आहे. यंत्र पुढें गेलें, अवजार मागें राहिलें, आणि लेखक मात्र अवजाराच्या हुकुमांत. जो परीक्षक आतां मराठी थोडेंफार समजूं लागला आहे, त्याच्यापुढें आपण मुद्दाम मोडकें मराठी बोलावें, यासारखें दुर्दैव नाहीं.

लेखनपद्धतीचीही अडचण आहे. प्रस्तुत लेख ज्या जुन्या वळणानें लिहिला आहे त्यांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘गांव’ असें लिहितात. १९६२ च्या नियमांनंतर हे अनुस्वार गेले. डोळ्याला दोन्हीं रूपें एकच. अक्षरें जुळवून पाहणाऱ्याला तीं दोन शब्द. ‘दऱ्या’ या शब्दांतला र सुद्धां संगणकांत दोन तऱ्हांनीं सांठवितां येतो, आणि दोन्हीं तऱ्हा पडद्यावर सारख्याच दिसूं शकतात. त्याहून वाईट म्हणजे, सर्व लिपींना एकच संकेतावलि देणारी युनिकोडची व्यवस्था १९९१ पासून उपलब्ध असतां आपल्याकडे पुष्कळ वर्षें मजकूर निरनिराळ्या छापखानी फाँटांत जुळविला गेला. तो कागदावर मराठी दिसे. यंत्राला तो रोमन चिन्हांचा चिवडा. तसा राहिलेला मजकूर यादींत खालीं आहे असें नाहीं. तो यादींत नाहींच. मराठीच्या क्रमवारीवर प्रयोग करणाऱ्यांनीं प्रथम याचा विचार करावा.

सीमेवरच्या जिल्ह्याला आणखी एक जाच आहे. आमच्या उत्तरेस बालाघाट, पूर्वेस राजनांदगाव. बाजारांत हिंदी आणि मराठी एकाच तोंडीं नांदतात, व दोहोंची लिपि एक. ‘शिक्षा’ या शब्दावर हिंदी माणसाला विद्यालय हवें असतें आणि मराठी माणसाला दंड. नांवांचाही घोटाळा असाच. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत एक गोरेगांव आहे. पण मुंबईला त्याच नांवाचें उपनगर असल्यामुळें, आमच्या गोरेगांवच्या शाळेंतल्या मुलाला आपल्या तालुक्याचा इतिहास शोधतांना पुढें जिल्ह्याचें नांव जोडावें लागतें. क्रमवारी बहुमताची आहे. ज्या गांवाविषयीं थोडें लिहिलें गेलें त्याला ती आवाज देत नाहीं.

परंतु सर्वांत गंभीर हानि शब्दांची आहे. कीवर्ड शोधण्याचीं अवजारें कोणता शब्द महिन्यांतून किती वेळां विचारला जातो हें सांगतात, आणि अधिक मागणीचा शब्द वापरा असा उपदेश करतात. आमच्याकडे ‘धान’ पिकतें आणि त्याची ‘रोवणी’ होते. इतरत्र ‘भात’ असतें व त्याची ‘लावणी’ होते. लहान तळ्याला येथें ‘बोडी’ म्हणतात. मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेल्या जुन्या तलावांना सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, आणि लोक त्यांचें सुटसुटीत ‘मामा तलाव’ करतात. मागणीच्या तक्त्यांत असे शब्द तळाशींच असावयाचे, कारण ते बोलणारे थोडे. लेखक मागणी पाहून शब्द उचलूं लागला तर बोडी, रोवणी, मामा तलाव हे शब्द लेखनांतून जातील, आणि त्यांच्याबरोबर त्या तळ्यांभोंवतीं उभी राहिलेली सारी व्यवस्था वाचकाला अपरिचित होईल.

याविरुद्धचें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत आहे. मारुति चितमपल्ली हे वनाधिकारी म्हणून नवेगांवबांधला होते. त्या तलावानें व रानानें त्यांना जें दिलें तें त्यांच्या लेखनांत ठिकठिकाणीं आहे. पक्ष्यांचीं, झाडांचीं आणि रानांतल्या व्यवहारांचीं कितीतरी नांवें त्यांनीं वनवासी लोकांकडून वेंचून मराठींत आणलीं. २०२५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीं जून महिन्यांत ते निवर्तले. लेखक ज्या दिवशीं असा शब्द मराठींत प्रथम लिहितो त्या दिवशीं त्या शब्दाची मागणी शून्य असते. जें नांव वाचकाला ठाऊकच नाहीं तें तो विचारील कसें? मागणीच्या तक्त्याप्रमाणें चालणाऱ्या लेखकानें हें साहित्य कधींच लिहिलें नसतें. भाषा वाढते ती अगोदर कोणीं न विचारलेल्या शब्दांनीं.

यावर पूर्वपक्ष असा होईल कीं, हें सर्व खरें; पण लेख कोणाला सांपडलाच नाहीं तर त्याच्या शुद्ध षष्ठीचा उपयोग काय? आक्षेप सबळ आहे. विदर्भांतल्या पद्मपूरचा भवभूति आपला म्हणून आम्हांस अभिमान आहे, आणि तें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचेंच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचें मत होतें. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेंत अवहेलना करणाऱ्या समकालीनांना त्यानें दिलेलें उत्तर प्रसिद्ध आहे: आपला समानधर्मी रसिक कधींतरी, कोठेंतरी जन्मास येईल अशा भरंवशावर तो लिहीत होता. पण त्या रसिकाच्या हातीं नाटक पडलें तें पिढ्यान् पिढ्या कोणीतरी पोथ्या उतरून ठेवल्या म्हणून. तेव्हां सांपडण्याची व्यवस्था करणें हें हलकें काम नव्हे. तें लेखनिकाचें आणि ग्रंथपालाचें पवित्र काम आहे. आमचा वाद सांपडण्याशीं नाहीं, पहिलें येण्याच्या हव्यासाशीं आहे. त्यांत भर अशी कीं, २०२४ सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंत आणि ऑगस्टांत भारतांत, यादीच्या वर यंत्रानेंच रचलेलें उत्तर दाखविण्यास गूगलनें आरंभ केला. ज्या पहिल्या क्रमांकासाठीं भाषा मोडावयाची, त्या क्रमांकावर तरी वाचक येईल याची आतां शाश्वति राहिलेली नाहीं.

मग करावें काय? आमच्या मतें तीन गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यांपैकीं एकीलाही विकत घेतलेलें अवजार लागत नाहीं. पहिली ही कीं, जें जें मराठी आपल्या संस्थांच्या व मासिकांच्या संग्रहीं आहे तें युनिकोडमध्यें आणावें, आणि तें नुसत्या चित्राच्या रूपानें न ठेवतां वाचतां व शोधतां येईल अशा अक्षरांत ठेवावें. दुसरी ही कीं, शीर्षकांत विषयाचें व स्थळाचें पुरें नांव घालावें. ‘एक अविस्मरणीय सहल’ यापेक्षां ‘नवेगांवबांध येथील पक्षी’ हें शीर्षक यंत्रालाही कळतें आणि वाचकालाही. स्थानिक शब्द प्रथम येतांच त्याचा अर्थ अर्ध्या ओळींत द्यावा. ‘मामा तलाव’ लिहावें आणि त्यापुढें एकदां ‘माजी मालगुजारी तलाव’ हें पूर्ण नांव लिहावें, म्हणजे दोन्हीं नांवांनीं शोधणारा तेथें पोंचेल.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि आपल्याकडे सर्वांत दुर्मिळ. मराठी लेखक दुसऱ्या मराठी लेखकाचें नांव घेत नाहीं. संकेतस्थळांवर झाडीबोलीवर लेख असतो, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर लेख असतो, धानाच्या जातींवर असतो. पण एकांतून दुसऱ्याकडे जाण्याचा दुवा क्वचितच असतो. पुष्कळदां मजकूर उचललेला असतो आणि ज्याचा उचलला त्याचें नांव गाळलेलें असतें. ज्या कल्पनेवर हें यंत्र उभारलें गेलें ती परस्परांच्या उल्लेखाची होती. तो उल्लेखच आपण करीत नाहीं, आणि आपली पानें वर येत नाहींत म्हणून यंत्राला बोल लावतों. वाटसरूनें कोणत्या वाटेनें यावें? वाटाच आपण बांधल्या नाहींत. इंग्रजीशीं तुलना करतांना त्या भाषेचा विस्तार आपण मोजतों. तिच्या विद्वानांची, ऋण मान्य करण्याची संवय मोजीत नाहीं.

जिल्ह्यांतल्या प्रत्येक महाविद्यालयांत विद्यार्थी दरवर्षीं गांवांचे, तलावांचे, बोलींचे प्रकल्प लिहितात आणि ते कपाटांत जातात. त्यांतले निवडक दहा प्रकल्प जरी शुद्ध मराठींत, युनिकोडमध्यें, एकमेकांचे व पूर्वीच्या अभ्यासकांचे उल्लेख नीट देऊन प्रसिद्ध झाले, तरी गोरेगांवच्या मुलाला आपलें गोरेगांव सांपडूं लागेल. त्या पानांचा क्रमांक कितवा येईल हें आम्ही सांगूं शकत नाहीं, आणि तो कोणत्या अवजारानें वाढवावा याची चौकशीही करणार नाहीं. त्या मुलानें जें विचारलें त्याचें खरें उत्तर त्याच्या भाषेंत कोठेंतरी लिहून ठेवलेलें असावें, एवढें काम लेखकांचें आहे. तें झाल्यावर यंत्राला दोष देण्याचा अधिकार आपल्याला येईल.